दोन वह्या

ग्वाल्हेरच्या कंपू भागात राहणाऱ्या माणसाला दवाखान्याकडे पाठ करून जगता येत नाही. जयारोग्य रुग्णालय, बायकांचं कमलाराजा रुग्णालय आणि 1946 साली सुरू झालेलं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय इथं एकमेकांना लागून उभी आहेत. नावं शिंदे घराण्यातली: जयाजीराव, त्यांची सून गजराराजा, नात कमलाराजा. माझ्या लहानपणी भिंड, मुरैना, शिवपुरी, दतिया, श्योपूर या सगळ्या मुलखाचं मोठं दुखणं शेवटी इथंच यायचं. गावातल्या डॉक्टरनं हात टेकले की माणसं रुग्णाला जीपमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून निघत. रुग्णाला आत खाट मिळे. सोबत आलेल्यांना बाहेरचा रस्ता. तीन विटा मांडून त्यावर टिक्कड भाजणारी म्हातारी, तिच्या कडेला मुटकुळं करून झोपलेलं पोर, आणि हातातला पर्चा उलटसुलट करून पाहणारा, अक्षर न ओळखणारा बाप, हे आमच्या रस्त्यावरचं रोजचं चित्र होतं.

त्या रस्त्यापासून दोन वळणांवर आमचं घर. तिथं आप्पांचं, माझ्या वडिलांचं, सगळं आयुष्य गेलं.

आप्पा महालेखाकारांच्या कार्यालयात होते. 1956 साली मध्य भारत राज्य मोडून नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला महसूल मंडळ, महालेखाकार अशी काही मोठी कार्यालयं आली. लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांची चूल त्या कार्यालयांच्या पगारावर पेटत आली आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्या तळाचंच हे लष्कर शहर झालं. जे पूर्वज तलवार घेऊन आले, त्यांच्या नातवा-पणतवांनी टाचणी आणि शाईची दौत हाती घेतली. महाडिकांची गोठ, चिटणिसांची गोठ, फालके बाजार, खासगी बाजार ही वस्त्यांची नावं तेवढी जुन्या दिवसांची साक्ष देत राहिली. कंपूच्या टेकडीवर मांढरेमाता आहे, ती साताऱ्याकडच्या मांढरगडची देवी. दसऱ्याला शिंदे घराण्याची शमीपूजा तिथंच होते. आमच्या घरीही दसऱ्याचं सोनं आधी टेकडीवर चढायचं, मग शेजारीपाजारी वाटलं जायचं.

आप्पांनी समाजसेवा करायची असं कधी ठरवलं नव्हतं. घरात सांगितली जाणारी हकीकत अशी. माझ्या जन्माच्या आधीची हिवाळ्याची रात्र. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी हाडं पोखरते. कुणीतरी कडी वाजवली. भिंडकडचा एक माणूस, बायको कमलाराजात बाळंत झालेली, तिला अंगावर दूध नाही, आणि हातात वाटीभर थंड दूध. एवढं गरम करून द्याल का, म्हणून विचारत होता. आप्पा झोपेत होते. कडी आईनं काढली. तिनं दूध गरम करून दिलं, वर पितळी डब्यातून ऊन पाणी दिलं आणि विचारलं, "सकाळी काय करशील?" तो गप्प उभा राहिला. आई आत आली आणि आप्पांना उठवून म्हणाली, "अहो, उद्या ऑफिसला जायच्या आधी तेवढं त्याच्याकडे जाऊन या."

ते तेवढ्यासाठी गेले, आणि मग जातच राहिले.

त्या रस्त्यावर खरी अडचण औषधाची नसे, माहितीची असे. कुठल्या खिडकीवर पर्चा करायचा, कोणती तपासणी आवारातच होते आणि कोणती बाहेर, मोठे डॉक्टर कुठल्या वारी बाह्यरुग्ण विभागात बसतात, गरिबांसाठी असलेली सवलत मागायला कोणता कागद लागतो, हे शिकलेल्या माणसालाही पहिल्या दिवशी उमगत नाही. आप्पा जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आले होते. कागद वाचणं आणि कुठल्या कागदावर कुणाची सही हवी ते ओळखणं त्यांच्या बोटांत होतं. ते अर्ज लिहून देत, खिडकीपर्यंत सोबत जात. खिडकीमागच्या माणसाशी ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. "त्यालाही दिवसभर रडकीच तोंडं दिसतात," असं म्हणत.

पुढे रक्ताचं काम आलं. आज ज्यांचं वय चाळीसच्या आत आहे त्यांना ठाऊक नसेल, पण या देशात रक्त विकत मिळत असे. मोठ्या रुग्णालयांच्या आसपास रक्त विकून पोट भरणारी माणसं वावरत. उपाशी, व्यसनी, पुन्हा पुन्हा सुई टोचून घेणारी. 1996 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. बंदी योग्यच होती, पण तिच्यामुळे एक पोकळी तयार झाली. आता रक्त नातेवाइकांनी द्यायचं, आणि नातेवाईक तर रक्त दिल्यावर माणूस कायमचा कमजोर होतो या समजुतीनं पळून जात. आप्पा त्यांना बाजूला घेत. आपला शर्टाचा हात वर सरकवून कोपरातली जागा दाखवत आणि सांगत, की तीन महिन्यांनी पुरुषाला पुन्हा रक्त देता येतं आणि मी देत आलो आहे, माझ्याकडे बघा. जिथं बोलून भागत नसे तिथं त्यांची वही कामाला येई. निळ्या पुठ्ठ्याची, ऑफिसात मिळते तसली लांबट वही. तिच्यात ओळखीच्यांचे रक्तगट, पत्ते आणि शेवटचं रक्त दिल्याची तारीख. पोस्टातला शिपाई, महाविद्यालयातली मुलं, बाड्याच्या चौकातला घड्याळवाला, ईदगाहजवळचा रफू करणारा, आमचे गुरुजी. बी निगेटिव्ह रक्त त्या वहीत फारच थोड्यांचं होतं आणि त्यांच्या नावापुढे आप्पांनी लाल शाईनं चांदणी काढलेली होती.

सारा गाव आप्पांना या वहीनं ओळखी. ते गेल्यावर लोक आले ते तिच्याच आठवणी काढत. मीही त्या दिवसांत ती उघडून बसत असे. त्याच कपाटात, खालच्या खणात, आईच्या वह्या होत्या. दूध, किराणा, गॅस, शाळेची फी, मोलकरणीचा पगार, दिवाळीचा फराळ. घराघरांत असतात तशाच. त्या दोन वह्या मी शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवल्या तेव्हा आप्पांचं आयुष्य मला पहिल्यांदा पुरतं वाचता आलं.

आप्पांच्या वहीत एका तारखेला लिहिलं आहे: मुरैनाची मुलगी, अपेंडिक्स, आई-बाप सोबत, रात्री शस्त्रक्रिया. आईच्या वहीत त्याच तारखेला: दूध एक लिटर जास्त, कणीक संपली, उसनी आणली. आप्पांच्या वहीत: शिवपुरीचे म्हातारबा वारले, गाडीची सोय झाली. आईच्या वहीत: सणासाठी ठेवलेल्या पैशांतून आप्पांना दिले. एका वर्षी तिनं लिहिलं आहे, वरचा मजला पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीच्या वहीत तेच वाक्य पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याही. मग ते वाक्य दिसेनासं होतं. आमच्या घराला वरचा मजला झालाच नाही.

म्हणून आप्पांची आठवण एकट्या माणसाची म्हणून सांगणं मला खोटं वाटतं. घर असलेला माणूस बाहेर जे देतो ते घरातून उचललेलं असतं. त्याचा वेळ म्हणजे मुलांच्या अभ्यासाशेजारी बसायचा वेळ. त्याचे पैसे म्हणजे कुणाची तरी राहून गेलेली हौस. त्यानं दारी आणलेल्या पाहुण्याच्या ताटातली भाजी कुणीतरी चिरलेली, फोडणीला टाकलेली असते. देणारा एक दिसतो, देणारे घरभर असतात.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. पैठणच्या एकनाथांची गोष्ट कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ग्वाल्हेरला ढोलीबुवांच्या मठाची कीर्तनाची परंपरा मोठी. तिथल्या कीर्तनाला आई आम्हाला घेऊन जाई. त्या गोष्टीत श्राद्धाचा स्वयंपाक तयार आहे, वासानं भुकेली माणसं दाराशी थबकली आहेत, आणि नाथ ते अन्न त्यांना वाढतात. ऐकणाऱ्यांचे डोळे नाथांसाठी पाणावतात. पण त्याच गोष्टीत पुढे नाथांच्या पत्नी गिरिजाबाई चूल सारवून पुन्हा सगळा स्वयंपाक करतात. कीर्तनकार ते एका वाक्यात सांगून पुढे जातो. आई तिथं मान हलवायची. त्या वाक्यापाशी तिला काय वाटत असेल, हे तिच्या वह्या वाचल्यावर मला उमगलं.

महर्षी कर्व्यांचं चरित्र पाहा. 1893 साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी लग्न केलं. 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि आश्रमासाठी हिंगण्याची वाट पायी तुडवायची, अशी त्यांची वर्षं गेली. आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. कर्व्यांचा त्याग आपल्याला पाठ आहे. पण त्या विम्याच्या आधारावर उद्याचा विचार करणारी बाई घरात होती, मुलं होती. आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ लिहिलं म्हणून त्यांची बाजू आपल्यापर्यंत आली. साधनाताई आमट्यांनी ‘समिधा’ लिहिलं म्हणून आनंदवनाची चूल आपल्याला दिसली. ज्यांनी लिहिलं नाही अशा बायका शेकड्यांनी असतील. माझी आई त्यांतली एक. तिनं फक्त कणकेचा आणि दुधाचा हिशेब लिहिला.

आमच्याच मुलखात, मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला, एस. एन. सुब्बराव यांनी महात्मा गांधी सेवा आश्रम उभा केला. 1972 च्या एप्रिलमध्ये चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रं खाली ठेवली, त्यामागे या आश्रमाची मेहनत होती. सुब्बराव अविवाहित राहिले, सारं आयुष्य खांद्यावर पिशवी टाकून देशभर फिरले. अशा माणसापुढे हात आपोआप जुळतात. आप्पाही त्यांच्याबद्दल फार आदरानं बोलत. पण चंबळची शस्त्रं खाली ठेवून घेणं हे एक काम आहे, आणि चंबळच्या त्याच गावातून आलेल्या बाळंतिणीला रोज सकाळी गरम पेज पोचवणं हे दुसरं. पहिल्या कामाला सर्वस्व सोडलेला माणूस लागतो. दुसऱ्याला घर लागतं. चूल लागते, दार लागतं, रात्री कडी वाजली तर जागी होणारी माणसं लागतात.

घर सांभाळणाऱ्या माणसाला म्हणून सेवा कमी जमते, असं मला वाटत नाही. उलट आप्पांचं कसब घरातूनच आलेलं होतं. आजाऱ्याच्या नातेवाइकाला ते पहिला प्रश्न विचारत, "काही खाल्लंत का?" आजार कोणता, डॉक्टर कोण, हे नंतर. आपलं मूल तापानं फणफणलेलं असताना आपण जेवायचं विसरतो, हे त्यांनी आमच्या आजारपणांत अनुभवलं होतं. बायकांच्या वॉर्डात निरोप द्यायचा असेल तर ते आईला किंवा मला पुढे करत, कारण घरात बहिणी-मुली असलेल्या माणसाला ती अडचण सांगावी लागत नाही. कुठं थांबायचं हेही त्यांना ठाऊक होतं. मुलांच्या फीचे आणि आजीच्या औषधाचे पैसे त्यांनी कधी मोडले नाहीत. आमच्या परीक्षेच्या दिवसांत ते घरी असत. "अर्धपोटी घर दुसऱ्याला किती दिवस वाढील?" असं त्यांनी एकदा आईला म्हटल्याचं मला आठवतं. आईनं उत्तर दिलं होतं, "पण वाढायला मीच हवी ना? मग मला विचारत जा." त्यानंतर ते विचारत. विचारून केलेली सेवा थोडी कमी झाली असेल, पण ती घराची झाली, आणि म्हणून टिकली.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे आणखी एक काम चालत आलं. लष्करातली मराठी घरं रिकामी होत होती. मुलं पुणे, बेंगळुरू, त्याही पलीकडे अमेरिका-कॅनडाला गेलेली. मागे म्हातारा-म्हातारी, मोठा वाडा, आणि त्यांतलंही एक जण कधीतरी जायचंच. नवरा गेल्यावर कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू करून घ्यायचं म्हणजे काय, हे आयुष्यभर बँकेची पायरी न चढलेल्या बाईला कोण सांगणार? मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतनाचा आदेश, दोघांच्या एकत्र खात्याचा पुरावा, नावातला एका अक्षराचा फरक, त्यासाठीचं शपथपत्र. आप्पांनी अशा किती आजींचे कागद लावून दिले, कोण जाणे. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी ते त्यांना रिक्षानं बँकेत नेत. जाण्याआधी आई त्यांच्याकडे फोन करून सांगे, स्वेटर घाला, पाण्याची बाटली घ्या. कुणी गेलं आणि मुलगा दुसऱ्या दिवशीच्या विमानानं येणार असला तर रात्रभर शवाशेजारी बसायला आप्पा असत, आणि त्या घरच्या बाईशेजारी आई. लक्ष्मीगंजच्या मुक्तिधामात आप्पांना सगळे ओळखत. मागे राहिलेल्या घरी पिठलं-भात कोण पाठवतं, हे मात्र तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

आप्पांनी देहदानाचा अर्ज बरीच वर्षं आधी भरून ठेवला होता. ज्या आवारानं आपलं आयुष्य घेतलं तिथंच देहही जावा, असं त्यांच्या मनात होतं. पण तो अर्ज म्हणजे इच्छा, इतकंच. प्रत्यक्षात ते घडतं घरच्यांच्या हातून. मृत्यूनंतर घरच्यांनी कळवलं नाही, संमती दिली नाही, तर तो कागद कागदच राहतो. नेत्रदानाला तर वेळ फार थोडा, सहा तासांच्या आत बुबुळं काढावी लागतात. ते गेले त्या पहाटे आम्ही भावंडं रडत होतो. नातेवाइकांपैकी कुणी म्हणालं, दहन व्हायलाच हवं, दहाव्याचं काय, पिंडाचं काय. आई उठली. तिनं तोंड धुतलं, चष्मा लावला, आप्पांच्या वहीतला क्रमांक काढला आणि स्वतः फोन केला. मग सगळ्यांना म्हणाली, "त्यांनी दिलेला शब्द मोडायचा नाही. जन्मभर मीच पुरा करत आले आहे."

ते वाक्य ऐकून खोलीतली कुजबुज थांबली. संमतीच्या कागदावर तिनं सही केली. आप्पांच्या साऱ्या सेवेतलं ते शेवटचं काम, आणि त्यावर सही आईची आहे.

त्यानंतर शोकसभा झाली. लोक आप्पांविषयी मनापासून बोलले, आणि जे बोलले ते सगळं खरं होतं. कुणाच्या मुलाला रक्त मिळालं होतं, कुणाच्या आईला निवृत्तिवेतन. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिचं नाव आलं ते एकदाच, "त्यांच्यामागे पत्नी, मुलं असा परिवार आहे" या वाक्यात. आप्पा स्वतः तिथं असते तर त्यांनी उठून ते वाक्य दुरुस्त केलं असतं, याची मला खात्री आहे, कारण चुकलेली नोंद त्यांना सहन होत नसे.

ती दुरुस्ती मी इथं करते आहे. कंपूतल्या आमच्या घरानं दवाखान्याच्या रस्त्यावरच्या माणसांसाठी जे केलं ते दोघांनी केलं. एकानं बाहेर जाऊन, दुसरीनं दार उघडं ठेवून. एकाची नोंद निळ्या वहीत आहे, दुसरीची किराणाच्या, आणि दोन्ही मिळून हिशेब पुरा होतो.

तुमच्याही घरात, वाड्यात, गल्लीत असा एखादा माणूस होऊन गेला असेल. लोकांच्या उपयोगी पडलेला, ज्याच्या नावानं आज एखादं बक्षीस किंवा बाकडं असेल. त्याच्याविषयी लिहा, जरूर लिहा, कारण अशी माणसं विसरली जाणं परवडणारं नाही. पण लिहायला बसण्याआधी त्याच्या घरात जा. तो सभेला गेला तेव्हा मुलांपाशी कोण होतं, त्यानं दिलेले पैसे कुठल्या खर्चातून निघाले, त्यानं आणलेल्या पाहुण्यांना कुणी वाढलं, हे त्या घरात अजून जी कुणी म्हातारी बसली असेल तिला विचारा. ती आधी म्हणेल, आम्ही काय केलं, सगळं त्यांनीच केलं. तेवढ्यावर उठू नका. थोडा वेळ बसा, पुन्हा विचारा, आणि ती जे सांगेल ते त्याच्या नावाशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा.